एफडी मोडली आहे, बाबा

इंदूर,
संक्रांतीचा दुसरा दिवस

तीर्थरूप बाबा आणि आईस शि. सा. नमस्कार.

बाबा, वरच्या खोलीसाठी ठेवलेली एफडी मी सोमवारी मोडली. आधी विचारायला हवं होतं, कबूल. दोनदा फोनही लावला. एकदा आईने उचलला, आणि दुसऱ्यांदा तुम्हाला खोकल्याची ढास लागली होती. ती ऐकल्यावर माझ्याने पुढे बोलवेना. म्हणून लिहितोय.

कारखान्यातले दगड कापायचे दोन्ही कटर पाण्याचे करून घेतले, म्हणजे धूळ उडणार नाही. ग्राइंडरच्या टेबलामागे धूळ ओढून घेणारं मशीन बसवलं. गाळ साचायला मागे हौद बांधला. बारा दिवस काम बंद होतं, पण मुलांचा पगार कापला नाही. आणि बिल्डरचं क्वार्ट्झच्या ओट्यांचं काम परत केलं. हो, दिवाळीत तुम्ही पेढे देऊन पक्कं केलेलं तेच. तुमच्या शब्दाला बाध येऊ नये म्हणून मी स्वतः जाऊन हात जोडून आलो. ग्रेनाइटचे ओटे हवे असतील तर करून देऊ, असं सांगितलंय. चिडले नाहीत ते.

आपल्या जुन्या कटरवाल्या नानूदादाचं तुम्हाला सगळं सांगितलं नव्हतं. आईला ऐकून त्रास होईल म्हणून फोनवर टाळत राहिलो. त्याला टीबी नव्हता. दोन वेळा गोळ्यांचा कोर्स झाला, थुंकीत कधीच काही निघालं नाही, तरी टीबीच समजत राहिले. या वेळी ज्या डॉक्टरीणबाई होत्या, त्यांनी त्याला विचारलं, "काम क्या करते हो?" तो म्हणाला, "पत्थर काटता हूँ, छब्बीस साल से." त्यांनी फिल्म उजेडाकडे धरून मला दाखवली. दोन्ही फुप्फुसांत, वरच्या बाजूला, मूठभर ज्वारी सांडावी तसे ठिपके. सिलिकोसिस, दगडातल्या सिलिकाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार. सहा वर्षं त्याला हा एक प्रश्न कुणी विचारला नव्हता बाबा. आपणही नाही, आणि आपण तर त्याला रोज बघत होतो.

बाईंनी समजावलं ते तसंच सांगतो. भुवयांवर बसते ती धूळ जाड असते, बरीचशी नाकाघशात अडकते. खरी घातक धूळ डोळ्यांना दिसतच नाही. केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहूनही बारीक कण. ते थेट फुप्फुसाच्या तळच्या पिशव्यांत उतरतात. तिथल्या पेशी त्यांना गिळतात आणि मरतात, आणि त्या जागी वण धरतो. काम सोडल्यावरही वण वाढत राहू शकतो. कुठलंही औषध तो पुसत नाही, वर टीबीचा धोकाही वाढतो. नानूदादाचा गमछा या धुळीपुढे जाळीच होता. संगमरवरात सिलिका फार थोडी असते, ग्रेनाइटमध्ये बरीच, आणि हा जो नवा कारखान्यात बनवलेला क्वार्ट्झ येतो, त्यात नव्वद टक्क्यांपर्यंत. ऑस्ट्रेलियाने तो २०२४ मध्ये बंदच केला. मग मी त्या पोरांच्या हातात कसा देऊ? धाकटा कटरवाला एकोणीस वर्षांचा आहे.

तुम्ही स्वतःला दोष देत बसाल, म्हणून हेही लिहितो. हे कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही, आपल्यापर्यंत कुणी आणलं नाही. मंदसौरच्या स्लेट-पेन्सिलच्या कामगारांसाठी आपल्या मध्य प्रदेशात १९८२ मध्येच कायदा झाला होता. नानूदादाच्या आलीराजपूरकडची माणसं गोध्र्याला दगड दळायला जायची. त्यातल्या २३८ मृतांच्या घरच्यांना प्रत्येकी ३ लाख द्या, असं सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये गुजरात सरकारला सांगितलं. नानूदादाचा मामेभाऊ तिकडेच कामाला गेला होता, आठवतंय? आपण म्हणालो होतो, दारूने गेला. सहा माणसांच्या आपल्या जागेत तपासायला कोण येणार होतं! तुम्ही तर नानूदादाच्या मुलीच्या लग्नात आईच्या पाटल्या गहाण ठेवल्या होत्यात. तो विसरलेला नाही, काल पुन्हा सांगत होता. तो आता फाटकाजवळ खुर्चीवर बसतो, मापं लिहून घेतो. पगार पूर्वीचाच. चार पावलांवर दम लागतो त्याला, पण चहा मात्र अजून स्वतःच आणतो, ऐकत नाही.

बाबा, तुमचं टेबल ग्राइंडरपासून आठ हातांवर होतं. बत्तीस वर्षं.

संध्याकाळी तुमची स्कूटर आली की मी सीटवरच्या धुळीत बोटाने माझं नाव लिहायचो. तुम्ही कडेवर घ्यायचात आणि माझे केस पांढरे व्हायचे. आई म्हणायची, "बघा, माझा बाळ म्हातारा झाला!" मग ती तुमचा शर्ट मागच्या अंगणात नेऊन जोरात झटकायची. परवा रात्री हे आठवलं आणि उठून बसलो. आई, घाबरू नकोस, तुला काही झालंय असं मी म्हणत नाही. पण एक एक्स-रे तुझाही काढायचा.

तर आता ऐका. ताईने येत्या गुरुवारची वेळ घेतली आहे. छातीच्या डॉक्टरांकडे, घराजवळच्या साध्या डॉक्टरांकडे नाही. बाबांचा सीटी स्कॅन आणि फुंकण्याची तपासणी. भाऊजी गाडीने नेतील, रिक्षा करायची नाही. खोकल्याचं औषध परस्पर बदलायचं नाही. आणि बाबा, डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, "बत्तीस वर्षं दगड कापायच्या मशिनीजवळ बसलो." तुम्ही नेहमीसारखं "छोटंसं दुकान होतं" म्हणाल आणि ते पुढचं विचारणार नाहीत. आई, तू शेजारी बस आणि बाबा हे नाही म्हणाले तर तू म्हण.

वरची खोली यंदा होणार नाही. पण तसाही जिना तुम्हाला आता नकोच. खालच्या खोलीत पूर्वेच्या खिडकीखाली पलंग हलवलाय, बाथरूममध्ये धरायला दांडी बसवली, नवा गीझर लावला. आईची तुळस थंडीने जरा काळवंडली होती, आता नवी पानं धरलीत. देवाला रोज फूल असतं, मीच वाहतो, सौ. ला विचारा हवं तर. रंगपंचमीच्या आधी या. गेरची मिरवणूक बघायला राजवाड्यावर न्यायचा हट्ट मी करणार नाही, घरी बसून श्रीखंड खाऊ.

तिळगूळ ताईच्या हाताने घ्या आणि माझ्यावर रागावू नका.

तुमचा,
बंडू

ता. क. : आई, बाबांचा निळा शर्ट कारखान्यातल्या खुंटीवर राहिला होता. तिथेच बादलीत भिजवला आणि मग घरी आणला. झटकला नाही.