वितस्ता या नावाविषयी मुलास पत्र

नौपाडा, ठाणे

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

नातीसाठी तुम्ही उभयतांनी योजलेल्या ‘वितस्ता’ या नावावर तू माझे मत मागितलेस, त्याला आठवडा होऊन गेला. उत्तरास विलंब झाला, कारण माझे पहिले मत प्रतिकूल होते आणि ते घाईने कळवणे मला बरे वाटले नाही.

तुझ्या आईला फोनवर प्रथम ‘विटावा’ असेच ऐकू आले आणि खाडीपलीकडच्या गावाचे नाव पोरीला कशासाठी, म्हणून ती दिवसभर खिन्न होती. खालच्या मजल्यावरील काकांनी, वितस्ता म्हणजे काश्मीरची झेलम नदीच असेल तर सरळ झेलम ठेवा, निदान पुण्याहून जम्मूला जाणाऱ्या गाडीमुळे लोकांना ते ठाऊक तरी आहे, असे सुचवले. शिवाय नदीचे नाव असलेल्या मुलीशी विवाह करू नये, असे मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात म्हटले असल्याचेही त्यांनी ऐकवले. वचन खरे आहे. परंतु गोदावरी, कृष्णा, भागीरथी, नर्मदा अशा आज्या ज्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या नांदल्या, त्या महाराष्ट्राने ते कधी मनावर घेतले नाही. इरावती कर्व्यांचा जन्म १९०५ साली ब्रह्मदेशात झाला आणि तेथील नदीवरून त्यांचे नाव ठेवले गेले. ते आज कोणाला परके वाटते?

मूळ शोधू लागलो तेव्हा मात्र माझा विरोध मावळत गेला. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील नदीसूक्तात गंगा, यमुना, सरस्वती यांच्याबरोबर वितस्तेचा उल्लेख आहे. ग्रीकांनी तिलाच हायडॅस्पीस म्हटले आणि इ. स. पू. ३२६ मध्ये तिच्याच काठी पोरस व अलेक्झांडर यांचे युद्ध झाले. काश्मिरी लोक आजही तिला ‘व्यथ’ म्हणतात, ते याच शब्दाचे झिजलेले रूप. (आपल्याकडे व्यथा म्हणजे दुःख, तेव्हा लाडाने नाव तोडताना तेवढे सांभाळा.) नीलमतपुराणातील कथा अशी की, कश्यपाच्या विनंतीवरून देवी नदीरूप झाली, शंकराने त्रिशुळाने एक वितस्ति मापाचे विवर पाडले आणि त्यातून ती वर आली, म्हणून ती वितस्ता. आता वितस्ति म्हणजे बारा अंगुळे, अर्थात आपली वीत! शब्द झिजून आपल्या बोटांपर्यंत आला आहे, हे कळल्यावर मला ते नाव काश्मीरचे राहिले नाही, घरचे वाटू लागले. परवा पाळण्याशी बसून मी पोरीची लांबी हाताने मोजली. ती सव्वादोन विती भरली.

तेव्हा माझी संमती आहे. जन्मनोंदणीत नाव वर्षभरात विनाशुल्क घालता येते, म्हणून त्याची घाई नको. पण अर्जात ‘वि’ ऱ्हस्वच लिहिला आहे, हे स्वतः पाहा. तुझी ताई अजून ‘वितस्था’ म्हणते आणि कानात नाव सांगण्याचा मान आत्याचाच असल्याने, बारशाआधी तिच्याकडून उच्चार घटवून घेण्याचे काम तुझ्याकडे लागले.

सूनबाईस व तान्हीस आशीर्वाद.

तुझे,
बाबा