काकाजी, त्या तेरा मात्रांसाठी

काकाजी, जय गुरुदेव.

तुम्ही मोबाइलला हात लावत नाही, म्हणून हे पत्र नातवाकडून वाचून घ्याल. एवढ्या वर्षांत आभार मानायचे राहूनच गेले. आपल्याकडे घरच्या माणसाला कोण आभार म्हणतं?

१९९४ ची दिवाळी आठवते का? मी अमरावतीच्या होस्टेलवरून आलो होतो, घरी कापूस वेचणी सुरू होती, आणि माझ्या टेपनं जेनेसिस या इंग्रजी रॉक बँडची कॅसेट खाल्ली. कॅसेट रूममेटची. तुमच्या दुकानात ओलिताच्या मोटारी रिवाइंडिंगला रांगेत पडलेल्या, तरी तुम्ही स्टूल ओढून माझी गुंतलेली रीळ सोडवत बसलात.

गंमत म्हणजे तुटलेलं गाणं माझ्या नावडीचं होतं. मला जुनं जेनेसिस हवं होतं. १९७२ चं त्यांचं ‘सपर्स रेडी’ जवळपास २३ मिनिटांचं. तेवढ्यात आपल्या गावची लाईन एकदा तरी जायची, मग उरलेलं मी मनातच वाजवायचो. पुढे १९७५ मध्ये गायक पीटर गॅब्रिएल गेला, १९७७ मध्ये गिटारवाला स्टीव्ह हॅकेट. ड्रमवरचा फिल कॉलिन्स गायला लागला, गाणी आखूड आणि गोड होत गेली. १९८० च्या ‘ड्यूक’ अल्बममधलं ‘टर्न इट ऑन अगेन’, तेच हे तुटलेलं, म्हणजे माझ्या लेखी सरळ बाजारू गाणं. हे सगळं मी तुम्हाला तावातावानं ऐकवलं. तुम्ही ‘हो का’ म्हणालात आणि चुरगळलेली फीत कापलीत. दोनेक सेंटिमीटर असेल. मागून सेलोटेप लावलात, नखानं दाबलात, कॅसेट टेपमध्ये घातलीत.

गाणं सुरू झालं तशी तुमची बोटं काउंटरवर चालायला लागली. प्रार्थनेला खंजिरी धरणारा हात तो, गप्प कसा राहील! दोन फेरे झाले आणि हात थांबला.

“अबे, हे तर लंगडून राह्यलं. माह्या कात्रीनं तीन मात्रा गेल्या का काय?”

तुम्हाला सोळा हव्या होत्या. रीळ मागे नेली, पुन्हा लावली, पेरांवर अंगठा फिरवत मोजलं. मग आणखी एकदा.

“नाही ना बाप्पा. या धूनचे सारे फेरे तेराचेच हायेत. एक तेवढा बाराचा, तो म्या कापला. अन् याले सोपं म्हणतं का तू? माहा हात अडकते यात.”

मी ते गाणं शंभरदा तरी ऐकलं असेल, नाकं मुरडत. एकदाही मोजलं नव्हतं. लांबी गेली म्हणून सगळंच गेलं, असं मीच ठरवून टाकलं होतं.

पुष्कळ वर्षांनी कळलं की ती धून रचणाऱ्या माइक रदरफोर्डलाही ती १३ मात्रांची आहे हे ठाऊक नव्हतं. त्याला ते कॉलिन्सनं सांगितलं. म्हणजे तिथेही ठेकेवाल्यालाच पहिल्यांदा कळलं! आणि ‘ड्यूक’मधली काही गाणी मुळात सलग, अर्ध्या तासाची म्हणून बांधली होती. नंतर ती सुटी करून अल्बमभर विखुरली, त्यातलंच हे एक. म्हणजे मला हवी होती ती लांब गोष्ट त्या कॅसेटमध्येच होती, तुकड्या-तुकड्यांनी.

म्हणून माझा सगळा राग गेला असं मात्र नाही, काकाजी. १९८६ च्या ‘इन्व्हिजिबल टच’ अल्बममधलं त्याच नावाचं गाणं लागलं की मी आजही पुढे ढकलतो. त्याच अल्बममध्ये दहा मिनिटांहून लांब ‘डॉमिनो’ आहे, तिथे मात्र थांबतो. कॉलिन्सचा आवाज मला गॅब्रिएलइतका कधीच भावला नाही. तरी २०२२ मध्ये लंडनच्या शेवटच्या कार्यक्रमात तो खुर्चीत बसून गायला, ड्रमवर त्याचा मुलगा होता, ते मोबाइलवर पाहताना घशात काहीतरी अडकलं. ज्याच्यावर वीस वर्षं चिडलो, त्याच्यासाठी.

पैसे तुम्ही घेतले नव्हते. “गाणं ऐकाले भेटलं ना,” म्हणालात. रूममेटला मी नवी कॅसेट भरून दिली, जोड असलेली ठेवून घेतली. आता टेप राहिला नाही, गाणं मोबाइलवर अखंड वाजतं. पण तुमच्या कात्रीची जागा आली की माझं बोट बारावर थांबतं, आणि तेरावी मात्रा मला दचकवून जाते.

तुमचाच,
टेपवाला पोरगा