अखाजीच्या सणाला येत नाही, म्हणून हे पत्र

ती. आई आणि नाना यांना सा. न.

परवा फोनवर बोलणं अर्धंच राहिलं. नाना फोन आईच्या हातात देऊन ओट्यावर जाऊन बसले, हे मला कळलं. आई, तू 'रेंज गेली' म्हणालीस तरी कळलं. म्हणून लिहायला बसले. लिहिलेलं नाना निदान दोनदा वाचतात.

नोकरी सोडली आहे, राजीनामा मंजूरही झाला. आधी विचारलं नाही, कारण तुम्ही 'तुला बरं वाटेल ते कर' म्हणाला असता आणि मग महिनाभर घरात कुणाला जेवण गेलं नसतं. शनिवार-रविवारी ज्या क्लासमध्ये इंग्रजी शिकवत होते, तिथेच आता पूर्ण वेळ शिकवणार आहे. पगार कमी आहे, पण वेळेवर होतो. घराच्या हप्त्यातला माझा वाटा तसाच येत राहील. इंजिनिअरिंग वाया गेलं असं मनात आणू नका. आणि पाचोऱ्याच्या स्थळाला कळवायचं असेल तर खुशाल कळवा, मला काही वाटणार नाही.

नाना, तुम्ही म्हणालात, 'न येणाऱ्या शब्दाचा अंदाज कसा करायचा हे शिकवायचे पैसे देतात का?' ते मनाला लागलं, पण रागावले नाही. नीट सांगते.

अमेरिकेतल्या कॉलेजांसाठी मुलं एसएटी नावाची परीक्षा देतात. पूर्वी तिच्यात शब्दांच्या जोड्या असत, त्या २००५ साली काढल्या; गाळलेल्या जागांचा जुना प्रकार २०१६ मध्ये गेला. आता सगळं संगणकावर. वाचन-लेखनाचे दोन भाग, एकेका भागात २७ प्रश्न आणि ३२ मिनिटं. एका प्रश्नाला सव्वा मिनिटही मिळत नाही. दोन्ही भागांची सुरुवात शब्दांच्या प्रश्नांनी होते. छोटासा उतारा, त्यात एक रिकामी जागा किंवा अधोरेखित शब्द, खाली चार पर्याय. मुलं हजार-हजार शब्द घोकून येतात आणि इथेच आपटतात. एकाने 'नॉव्हेल' बघितलं आणि कादंबरी म्हणून मोकळा झाला. उतारा होता पाणी गाळायच्या पद्धतीवर, आणि पुढच्याच ओळीत लिहिलेलं की असं आधी कुणी करून पाहिलं नव्हतं. नवीकोरी पद्धत, एवढाच अर्थ. शब्द पाठ होता, तोच नडला.

मी त्यांना पडद्यावरचे पर्याय आधी हाताने झाकायला लावते. वाक्यात 'बट', 'ऑल्दो', 'अनलाइक' दिसलं की अर्थ उलटा फिरणार. 'बिकॉज' असेल तर कारण शेजारीच सापडतं. विसर्गासारखी दोन टिंबं आली की पुढे बहुतेक त्याच गोष्टीचा खुलासा असतो. मग रिकाम्या जागी आपल्या मनाचा साधा शब्द घालायचा, मराठी असला तरी चालेल, आणि त्यानंतरच हात काढायचा. निवडलेला शब्द घालून वाक्य परत वाचायचं. दोन पर्याय सारखेच वाटतात तेव्हा खरी कसोटी असते. एक जरा जास्तच तिखट निघतो, उतारा तेवढा तिखट नसतो. कधी कधी वाक्यात काहीच धागा नसतो, तिथे वाचनच कामाला येतं. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे काहीच सुचलं नाही तर ठोकून द्या म्हणते. नाना, तुमचा अंदाज तो एवढाच.

तुम्ही केळीच्या पानाकडे बघून मुळाशी काय बिघडलंय ते सांगता, त्याला आपल्या गावात कुणी अंदाज म्हणत नाही.

तुमच्यावर एक वाक्यही रचलंय. बडबड्या भावाच्या अगदी उलट, हा शेतकरी 'टॅसिटर्न' होता. चार प्रश्नांना मिळून एक हुंकार द्यायचा. वर्गात शब्द एकालाही माहीत नव्हता, पण 'अबोल' सगळ्यांनी ओळखलं. काकांना सांगू नका.

मेच्या सुरुवातीला या मुलांची परीक्षा आहे, म्हणून अखाजीला येणं होत नाही. आई, झोका बांधू नकोस असं मी म्हणणार नाही; शेजारच्या पोरी येतील, त्यांच्यासाठी बांध. माझ्या जेवणाची काळजी नको. कळण्याचं पीठ अजून आहे, ठेचा फ्रीजमध्ये आहे, रूमवरच्या मुलीला भरीत इतकं आवडलं की वांगी भाजायचं काम तिनेच घेतलंय. झोप होते. उन्हाळ्यात घराच्या धाब्यावर आपण झोपायचो, तू ओला पदर माझ्या तोंडावरून फिरवायचीस आणि नाना खालून 'पोरगी झोपली का' विचारायचे, ते इथे गच्चीवर गेलं की आठवतं. तेव्हा मी जागीच असायचे.

आता ऐका. अकरा ते चार मळ्यात कुणी जायचं नाही, ठिबक बघायला सालदार आहे. खिशात कांदा ठेवून ऊन लागत नाही हे मला पटवू नका, टोपी घाला आणि पाणी प्या. कूलरचं गवत या आठवड्यातच बदला. साखरेची गोळी चुकवायची नाही, आणि अखाजीच्या पुरणपोळीवर आंब्याचा रस नानांना एकच वाटी. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला आणलेला नाही. नानांच्या रक्ताच्या रिपोर्टचे फोटो पाठव, दोन्ही पानांचे. मागच्या वेळी दुसरं पान 'विसरलं' होतं. परीक्षा झाली की त्याच आठवड्यात भुसावळला उतरते, नानांनी स्टेशनवर यायचं नाही, रिक्षा मिळते.

तुमची,
ताई