विषय: यूव्ही एक्स्पोजर युनिटचा कोपरा फिका छापतो, आणि तुम्ही तक्रार परस्पर बंद केलीत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या माणसाने आत्ता फोन ठेवला आणि लगेच 'आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे' असा मेसेज आला. कसलं निवारण? पुढचा डावा कोपरा अजूनही फिकाच छापतोय.

कागदावर अतिनील (यूव्ही) प्रकाश पाडून प्रिंट उमटवणारं हे ३६५ नॅनोमीटरचं एलईडी युनिट तुमचंच आहे, ते कसं चालतं हे मी सांगायला नको. २१ पायऱ्यांच्या स्टेप टॅब्लेटने, म्हणजे पायरीपायरीने गडद होत जाणाऱ्या मोजपट्टीने, मध्यभाग आणि तो कोपरा तपासला. सायनोटाइपवर, म्हणजे प्रकाशाने उमटणाऱ्या निळ्या प्रिंटवर, कोपऱ्यात दोन पायऱ्या कमी येतात. एक पायरी अर्ध्या स्टॉपची, दोन मिळून एक स्टॉप, आणि एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा. म्हणजे तिथे निम्माच प्रकाश पोचतो. शिवाय लागोपाठ प्रिंट काढल्या की युनिट तापतं आणि पुढची प्रिंट सगळीच फिकट येते.

हे सगळं सांगितल्यावर तुमचा माणूस विचारतो, "ताई, प्रिंट निळी आली ना?" म्हटलं, आली. "मग मशीन ओके आहे." कोपरा फिका आहे, मी पुन्हा सांगितलं. तर म्हणे, "कोकणात हवा दमट, कागद ओलसर राहत असेल." अहो, हवा दमट असेल तर ती एकाच कोपऱ्यात दमट असते का? फ्रेम उलटी फिरवून ठेवली तेव्हा फिका भाग कागदाबरोबर फिरला नाही, युनिटच्या त्याच कोपऱ्याखाली राहिला. हेही सांगितलं. त्यावर तो हसला आणि म्हणाला, "मग उन्हात ठेवून बघा ना."

आषाढात, मालवणात! ऊन नसतं म्हणूनच तर हे युनिट घेतलं. पावसाळ्यातली ऑर्डर अडकू नये म्हणून घेतलं. माणूस माझ्या कामाला हसला, याचा राग कोपऱ्याच्या रागापेक्षा मोठा आहे.

त्याआधी व्होल्टेजचं कारण सांगितलंत. मी स्टॅबिलायझर बसवला. कोपरा तसाच फिका. आणि व्होल्टेज कमी असतं तर सगळंच फिकं आलं असतं, एक कोपरा नाही.

माहितीपत्रकात 'संपूर्ण पृष्ठभागावर एकसमान प्रकाश' असं तुम्हीच छापलंय. त्यावर विश्वास ठेवून पैसे भरले. तारकर्लीच्या होमस्टेसाठीची प्रिंटची मालिका आता अर्धवट पडली आहे, आणि त्या माणसांना तोंड मला दाखवायचंय.

तक्रार पुन्हा उघडा. एलईडीचं पॅनल आणि ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा भाग) बदलून द्या, नाहीतर पूर्ण पैसे परत करा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सिंधुदुर्ग जिल्हा आयोगात तक्रार दाखल करीन. स्टेप टॅब्लेटच्या सगळ्या प्रिंट जपून ठेवल्या आहेत. फोन करू नका, लेखी कळवा.

एक ग्राहक,
मालवण