प्रतिकृती मोटारीला ‘नकली’ म्हणू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या मोटारींच्या मेळाव्यावर आलेला लेख मी इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्रीजवळच्या माझ्या घरी वाचला. लेख माहितीपूर्ण होता; परंतु जुन्या नमुन्यावरून सुटे भाग जोडून घरी बांधलेल्या गाड्यांचा विषय त्यात ‘नकली व्हिंटेज’ एवढ्या दोन शब्दांत उरकला होता. अशाच एका गाडीच्या दुरुस्तीत मी नुकतेच तीन हिवाळे घातले आहेत. त्या अनुभवावरून सांगतो की हा शब्द चुकीचा आहे आणि ज्यांनी ही गाडी आपल्या हाताने उभी केली त्यांच्यावर अन्याय करणारा आहे. म्हणून हे पत्र.

माझी गाडी दिसायला 1953 ते 1955 या काळातील एमजी टीएफ या ब्रिटिश स्पोर्ट्स मोटारीसारखी आहे. मूळ टीएफ ॲबिंग्डनच्या कारखान्यात जेमतेम 9,600 च्या आसपास तयार झाल्या आणि आज त्या सामान्य माणसाच्या आवाक्यात नाहीत. इंग्लंडमध्ये किट कारचा, म्हणजे सुटे भाग आणून घरी गाडी जोडण्याचा, छंद फोफावला त्याला मात्र निराळे कारण होते. सुट्या भागांच्या स्वरूपात घेतलेल्या गाडीवर तेथे खरेदीकर लागत नसे. लोटस सेव्हनसारखी गाडी 1957 पासून पेट्यांमधून घरी नेऊन लोक स्वतः जोडत. 1 एप्रिल 1973 पासून मूल्यवर्धित कर आला आणि ही सवलत संपली; तरी तोवर घरच्या गॅरेजमध्ये गाडी बांधण्याची सवय लोकांच्या अंगवळणी पडली होती. माझ्या गाडीचा सांगाडा प्लायवूडचा, त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा, मडगार्ड फायबरचे, आणि या सगळ्याच्या खाली चासी म्हणजे गाडीचा पोलादी पाया, इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग, ब्रेक असे सारे काही 1968 सालच्या ट्रायम्फ हेराल्ड 13/60 चे आहे.

हेराल्ड हे नाव आपल्या वाचकांना परके नसावे. हीच गाडी मद्रासच्या कारखान्यात स्टँडर्ड हेराल्ड या नावाने 1961 पासून तयार होत होती आणि तिची चार दारांची आवृत्ती तर केवळ भारतातच निघाली. सांगलीला माझ्या वडिलांकडे ती होती. कॉव्हेंट्रीच्या कॅनली कारखान्यातली गाडी मद्रासला का जाऊ शकली आणि इंग्लंडमधल्या हौशी माणसांच्या गॅरेजमध्येही का शिरू शकली, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे. हेराल्डच्या आखणीच्या काळात ट्रायम्फ कंपनीला बॉडी पुरवणारा कारखाना बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) या प्रतिस्पर्धी कंपनीच्या ताब्यात गेला होता. त्यामुळे अखंड बॉडी एका ठिकाणी दाबून काढण्याऐवजी वेगळी चासी आणि तिच्यावर बोल्टांनी जोडलेले बॉडीचे निरनिराळे तुकडे, अशी रचना करावी लागली. 1959 साली बाजारात आलेल्या या गाडीची हीच अडचण पुढे तिची सोय ठरली. पेट्यांत भरून ती समुद्रापार पाठवता येई, आणि बोल्ट सोडवून बॉडी उचलली की खाली चालती चासी शिल्लक राही, तिच्यावर दुसरी बॉडी बसवता येई. खोलून पुन्हा जोडता यावी अशाच बेताने घडलेली ही गाडी असल्यामुळे घरी दुरुस्त करण्याजोगी याहून सोयीची चासी मला तरी माहीत नाही.

मी गाडी घेतली तेव्हा ती चालत होती आणि रंगही बरा होता. बॉडी उचलल्यावर मात्र खरी अवस्था उघड झाली. आधीच्या जोडणाऱ्याने चासीच्या बाजूच्या आडव्या हातांवर गंज न काढता जाड काळा रंग चढवला होता. हातोडीने ठोकत गेल्यावर ज्या ठिकाणी टणत्कार यायला हवा तेथे बद्द आवाज आला आणि स्क्रू-ड्रायव्हर आरपार गेला. ज्यांना असे काम करायचे आहे त्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे की गंजका भाग कापण्यापूर्वी चासीला तात्पुरते आडवे-तिडवे आधार वेल्ड करून घ्यावेत आणि दोन्ही कर्ण फीत लावून मोजावेत, कारण कापलेली चासी नकळत पिळवटते आणि पिळवटलेली चासी पुढे कितीही अलाइनमेंट केली तरी सरळ चालत नाही. एका वेळी एकच भाग कापणे, तो बसवणे, पुन्हा मोजणे, मगच दुसऱ्याला हात लावणे, या क्रमात माझा पहिला हिवाळा गेला. पेट्रोलची टाकी आणि बॅटरी यांना वेल्डिंगच्या दिवसांत मी गॅरेजमध्ये येऊ दिले नाही.

आता ज्या भागासाठी हे पत्र एवढे लांबले त्याकडे येतो. हेराल्डच्या पुढच्या चाकाचा खालचा सांधा नेहमीच्या बॉल जॉइंटसारखा नसतो. चाक धरणाऱ्या उभ्या पोलादी दांड्याच्या खालच्या टोकाला आटे पाडलेले असतात आणि तो दांडा पितळी रंगाच्या, कांस्याच्या एका ठोकळ्यात, म्हणजे ट्रनियनमध्ये, स्क्रूसारखा बसतो. स्टिअरिंग फिरवले की दांडा त्या आट्यांत फिरतो. डाव्या आणि उजव्या बाजूचे आटे एकमेकांच्या उलट असतात, म्हणून भागांची अदलाबदल होऊ शकत नाही. या सांध्यात ग्रीस नव्हे, गिअर ऑइल भरायचे असते, ज्याला आपल्याकडे मिस्त्री ‘नव्वद नंबर’ म्हणतात. ग्रीस आट्यांच्या तळापर्यंत पोचत नाही, कालांतराने घट्ट होते, आणि त्याच्याआड पाणी साचून पोलादाला आतून गंज चढतो. वरून काही दिसत नाही. मग एखाद्या दिवशी वळणावर दांडा आट्यापाशी तुटतो आणि चाक गाडीखाली दुमडते.

माझ्या गाडीत वर्षानुवर्षे ग्रीस भरलेले निघाले. डाव्या बाजूचा दांडा धुऊन पाहिला तेव्हा शेवटच्या आट्याभोवती नखात अडकेल अशी गंजाची खाच होती. या गाडीत बसून मी माझ्या नातीला तीन वेळा फिरवून आणले होते. तो दांडा मी अजून गॅरेजच्या खिळ्याला टांगून ठेवला आहे. सांगलीला वडिलांच्या गाडीचे काम करणारे मिस्त्री ग्रीसगन बाजूला ठेवून त्या सांध्यात तेलाच्या पिचकारीने तेल का भरत, हे लहानपणी मला कळले नव्हते. त्यांनी माहितीपुस्तक वाचले होते की गुरूकडून ऐकले होते कोण जाणे, परंतु त्यांचे बरोबर होते.

मागच्या बाजूची अडचण वेगळी आहे आणि ती प्रतिकृती गाड्यांत विशेष जाणवते. हेराल्डला मागे स्प्रिंगचा एकच आडवा पाटा असतो आणि दोन्ही ॲक्सल मधल्या डिफरन्शियलपासून (चाकांना गती वाटून देणाऱ्या गिअरपेटीपासून) पंखांसारखे वरखाली होतात. मूळ बॉडीपेक्षा किटची बॉडी हलकी, त्यामुळे पाटा पुरेसा दबत नाही, गाडीचा मागचा भाग उंच राहतो आणि चाके वरच्या बाजूने बाहेर झुकतात. अशा स्थितीत वळणावर एकाएकी ॲक्सिलरेटर सोडला तर मागचा भाग आणखी उचलला जाऊन बाहेरचे चाक आत दुमडू पाहते. मी पाटेवाल्या कारागिराकडून पाट्यातील एक पान काढून घेतले आणि गाडीत दोन माणसे बसल्यावर चाके जवळजवळ सरळ उभी राहतील अशी उंची ठरवली. हे काम अंदाजाने करू नये.

ब्रेकच्या सगळ्या नळ्या मी तांबे-निकेलच्या नव्या घातल्या आणि रबरी होजही बदलले. मूळ गाडीत चारही चाकांना मिळून एकच ब्रेक ऑइलचा मार्ग आहे, म्हणजे एक नळी फुटली की चारही चाके गेली. तेव्हा तेथे काटकसरीला जागा नाही.

फायबरच्या मडगार्डांवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा होत्या. त्या नुसत्या पुटी भरून रंगवल्या तर वर्षभरात पुन्हा उमटतात, कारण भेग वरच्या थरात दिसली तरी तिचे कारण खाली असते, बहुधा लहान वॉशर लावून आवळलेला बोल्ट. भेग काचतंतूपर्यंत घासून उघडी करावी, आतून मॅट (काचतंतूंचे कापड) आणि पॉलिएस्टर रेझिनचे थर द्यावेत आणि बोल्टाखाली रुंद वॉशर घालावा. रेझिन घट्ट करणाऱ्या हार्डनरचे प्रमाण साधारण एक ते दोन टक्के असते. थंडीत रेझिन नीट घट्ट होत नाही म्हणून हे काम मी जूनपर्यंत राखून ठेवले. फायबर घासताना उडणारी धूळ फुप्फुसांना आणि रेझिनची वाफ डोक्याला त्रास देते. साध्या रुमालाने भागत नाही, योग्य मास्क लागतोच.

वायरिंगमध्ये एका गोष्टीने मला आठवडाभर छळले. ब्रेक दाबला की मागचे दिवे मंद होत आणि इंडिकेटर वेडावाकडा लुकलुके. दिवे बदलले, बल्ब बदलले, काही फरक पडेना. पत्र्याच्या गाडीत बॉडीच अर्थिंगचे काम करते; फायबर आणि लाकूड ते करत नाहीत, एवढी साधी गोष्ट मी विसरलो होतो. प्रत्येक दिव्यापासून चासीपर्यंत स्वतंत्र अर्थिंगची वायर ओढली आणि सगळे सुरळीत झाले.

पेट्रोलच्या होजबद्दल आपल्याकडच्या वाचकांनीही सावध राहावे. ब्रिटनमध्ये सप्टेंबर 2021 पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. भारतात तर आता वीस टक्क्यांचे पेट्रोल सर्वत्र आले आहे. जुन्या जातीचे रबर इथेनॉलने मऊ पडते, चिरते आणि गरम इंजिनावर पेट्रोल गळू लागते. जुनी गाडी बाळगणाऱ्याने टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे होज इथेनॉलला टिकणाऱ्या जातीचे घालून घ्यावेत.

इतके सगळे केल्यावर या गाडीला नकली म्हणावे काय? ती एमजी असल्याचा दावा मी करत नाही. आधीच्या मालकाने बोनेटवर लावलेले एमजीचे अष्टकोनी चिन्ह मी पहिल्याच दिवशी काढून ठेवले, आणि कोणी विचारले तर ती हेराल्डच्या चासीवरची प्रतिकृती आहे असे स्पष्ट सांगतो. प्रतिकृतीला मूळ गाडीचे चिन्ह आणि क्रमांक लावून कोणी ती मूळ म्हणून विकली तर त्याला नकली काय, फसवणूकच म्हणावे. परंतु जी गाडी आपण कोण आहोत हे उघड सांगते तिच्यावर तो शब्द टाकू नये. ब्रिटनमध्ये मे 2018 पासून चाळीस वर्षांहून जुन्या बहुतेक गाड्यांना वार्षिक एमओटी तपासणीतून सूट आहे, परंतु किटचे भाग चढवून बदललेल्या गाड्यांना ती सरसकट लागू होत नाही. हे मला पूर्ण मान्य आहे, आणि सूट मिळाली असती तरी मी दरवर्षी गाडी तपासून घेतलीच असती.

हे वाचून महाराष्ट्रातील कोणी उत्साही तरुण घरच्या जुन्या हेराल्डला करवत लावण्याचा विचार करत असेल तर त्याने थांबावे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलांपासून गाडी वेगळी होईल असे फेरफार करता येत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हा मुद्दा अधोरेखित केला आहे. शिवाय 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळा नोंदणी क्रमांक मिळतो, पण ती मूळ स्वरूपात राखलेली असावी लागते. आपल्याकडे शिल्लक असलेल्या चार दारांच्या स्टँडर्ड हेराल्ड जगात दुसरीकडे कोठेही तयार झालेल्या नाहीत. त्या आहेत तशाच जपल्या जाव्यात असे मला मनापासून वाटते. माझ्या गाडीखालची चासी ज्या काळी कापली गेली त्या काळी इंग्लंडमध्ये हेराल्ड भंगाराच्या भावाने मिळत.

तेव्हा आपणांस विनंती की यापुढे अशा गाड्यांसाठी ‘प्रतिकृती’ हा शब्द वापरावा. आणि ज्या वाचकांच्या दारात अजून स्टँडर्ड हेराल्ड उभी असेल त्यांनी येत्या सर्व्हिसिंगच्या वेळी मिस्त्रींच्या शेजारी उभे राहून पुढच्या दोन्ही ट्रनियनमध्ये काय भरले जाते ते पाहावे. ग्रीस निघाले तर सांधा खोलून दांड्याचे आटे तपासावेत आणि ते निर्दोष असतील तरच नव्वद नंबरचे तेल भरून गाडी रस्त्यावर काढावी.

आपला,
एक वाचक
कॉव्हेंट्री, इंग्लंड