शाळेच्या फॉर्मात जन्माचं वजनही विचारा

संपादक महोदय,

माझा मुलगा 14 वर्षांचा आहे, ऐरोलीत नववीत शिकतो. मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीत आरोग्य शिबिर होतं, हा आजोबांना घेऊन खाली गेला आणि रांगेत उभाच आहेस तर तुझंही बघू म्हणून तिथल्या डॉक्टरांनी बीपी घेतलं तर 136/86. आम्हाला वाटलं मशीनच बिघडलं असेल, पण आमच्या मुलांच्या डॉक्टरांनी वेगवेगळ्या तीन दिवशी, त्याच्या दंडाच्या मापाचा पट्टा लावून घेतलं तरी 130 च्या वरच. मग त्यांनी विचारलं, जन्मला तेव्हा वजन किती होतं?

2 किलो 100. पूर्ण दिवसांचा होता तरी. अडीच किलोच्या खाली म्हणजे कमी वजनाचं बाळ हे मला माहीत होतं, पण ते तेव्हाच संपलं असं वाटायचं. डॉक्टर म्हणाले की पोटात बाळाला कमी पडलं की शरीर मेंदूला आधी पुरवतं, त्यात किडनीतल्या गाळण्या कमी तयार होतात, रक्तवाहिन्या जरा ताठ राहू शकतात, आणि हे नंतर बीपीत दिसू शकतं. सगळ्याच बारीक बाळांना होतं असं नाही, फरक थोडाच असतो. पण पुढे वजन भराभर वाढलं तर धोका वाढतो, आणि आम्ही नेमकं तेच केलं. बाळसं धरत नाही म्हणून घरातलं प्रत्येक माणूस त्याला भरवत होतं, तूप, बिस्किटं, शाळेतून आला की वडापाव, आणि सहावीत गुबगुबीत झाला तेव्हा आम्हाला केवढा आनंद झाला होता.

हे काही नवीन नाहीये हो. इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर यांनी 1989 मध्येच जुन्या नोंदींवरून दाखवलं होतं की जन्माला कमी वजनाच्या पुरुषांमध्ये पुढे हृदयविकाराने मृत्यू जास्त होते. आणि आपल्या पुण्यात केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांची टीम 1993 पासून जवळच्या सहा गावांतल्या आया आणि मुलांचा अभ्यास करतेय. आपली बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधली साडेतीनच्या आसपास, तरी कातडीखालची चरबी आपल्या बाळांची फारशी कमी नसते, म्हणजे दिसायला बारीक पण आतून चरबी. पुण्यातलं हे संशोधन ठाणे-नवी मुंबईतल्या आयांना कोणी सांगतच नाही याचं मला फार वाईट वाटतं.

आता माझं म्हणणं. शाळेच्या हेल्थ फॉर्मात रक्तगट, अॅलर्जी, उंची, वजन, चष्मा सगळं विचारतात, जन्माचं वजन नाही आणि मुलाच्या शाळेत नऊ वर्षांत एकदाही बीपी घेतलं नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2017 मध्ये सांगितलंय की तीन वर्षांपासून दरवर्षी बीपी बघा. मग आपल्याकडे पालिकेच्या आणि खाजगी, दोन्ही शाळांत निदान पाचवीपासून वर्षातून एकदा का नको? मशीन काही फार महाग नसतं, फक्त लहान मापाचे पट्टे वेगळे ठेवावे लागतील कारण पट्टा चुकीच्या मापाचा असेल तर आकडाही चुकतो.

माझ्या मुलाला सध्या गोळी नाही, मीठ कमी, पाकिटातलं बंद आणि रोज संध्याकाळी तासभर फुटबॉल. पुढच्या आठवड्यात किडनीची सोनोग्राफी आहे. त्याच्या जन्माचं कार्ड कपाटात सापडलं, त्याची झेरॉक्स मी शाळेत स्वतःहून नेऊन देणार आहे, फॉर्मात रकाना नसला तरी.

– एक आई, ऐरोली, नवी मुंबई