आरोग्यमंत्री साहेब, त्या बाळांच्या रक्ताचे दोन थेंब जपून ठेवायची सोय करा

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य

साहेब नमस्कार, मी सरकारी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. नोकरी करायचीय म्हणून नाव लिहीत नाही.

विषय एसएनसीयूत (आजारी नवजात बाळांच्या विभागात) निदान न होताच जाणाऱ्या बाळांचा आहे. चांगलं तीन किलोचं बाळ, दोन दिवस दूध पितं, मग सुस्त पडतं, झटके येतात, आणि कल्चरचा (रक्तातले जंतू शोधायच्या टेस्टचा) रिपोर्ट यायच्या आत सगळं संपलेलं असतं. केसपेपरवर सेप्सिस, म्हणजे रक्तात पसरलेलं इन्फेक्शन. आता यातली बरीच खरंच सेप्सिसची असतात पण काही मेटाबॉलिक आजाराचीही असतात, म्हणजे जीनमधला दोष, बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. आणि त्या बाळाची सीबीसीसाठी घेतलेली जांभळ्या झाकणाची ट्यूब, जिच्यात त्याचा डीएनए असतो, ती काही दिवसांनी नियमाप्रमाणे बायोमेडिकल वेस्टमध्ये जाते. मीच टाकतो. नियम चुकीचा नाहीये, पण बाळ गेल्यावर त्याचं तेवढंच उरलेलं असतं हो.

पुढे तीच बाई परत गरोदर राहते आणि मोठ्या शहरातले जेनेटिक्सचे डॉक्टर पहिलाच प्रश्न विचारतात, आधीच्या बाळाचं सॅम्पल ठेवलंय का? नसतं. आईबाप दोघंही कॅरिअर (स्वतः निरोगी, पण जीनमधला तोच दोष अंगात असलेले) असतील तर अशा आजाराचा धोका दर खेपेला 25 टक्के, आणि आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्नं अजून होतात, तिथे दोघांत तोच दोष असायची शक्यता वाढते. बाळाच्या डीएनएत नेमका दोष सापडला तर पुढच्या वेळी 11 ते 13 आठवड्यांत सीव्हीएस (वारेचा छोटा तुकडा घेऊन तपासणी) करून कळू शकतं, गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा पीसीपीएनडीटी कायदाही जनुकीय आजाराच्या तपासणीला परवानगी देतो. नुसतं आईबापांचं रक्त तपासलं तर कुठला जीन शोधायचा हेच माहीत नसतं, आणि दोष बाळातच नव्याने झालेला असेल तर आईबापांच्या रक्तात तो बहुतेक वेळा दिसतच नाही.

यासाठी सॅम्पल साठवायची मोठी बायोबँक बांधा असं मी म्हणत नाहीये (तिचं फक्त उद्घाटन होईल). फिल्टर पेपरवर रक्ताचे थेंब घ्यायचे, नीट वाळवायचे, सिलिका जेलच्या पाकिटासोबत झिपच्या पिशवीत ठेवायचे, त्यातून पुढे कित्येक वर्षांनी पण डीएनए काढता येतो. डेन्मार्कवाले 1982 पासून नवजात बाळांचे असे थेंब फ्रीझरमध्ये ठेवतात. जमलं तर सोबत दोन एमएल रक्त ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) ट्यूबमध्ये घेऊन मेडिकल कॉलेजला पाठवायचं, तिथे डीएनए काढून ठेवतील. फक्त सॅम्पल बाळाला रक्त चढवायच्या आधीचं हवं, नाहीतर डोनरच्या पांढऱ्या पेशी मिसळून घोळ होऊ शकतो. म्हणून हे बाळ सिरियस झाल्यावर लगेच करायचं काम आहे, गेल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

आणि हो, संमती. अमेरिकेत टेक्सासमध्ये पालकांना न विचारता थेंब साठवले, 2009 मध्ये पालक कोर्टात गेले आणि शेवटी 50 लाखांवर सॅम्पल नष्ट करावे लागले. आपल्याकडे तसं नको. मराठीत एक पानी फॉर्म, किती वर्षं ठेवणार ते स्पष्ट, आईबापांच्या परवानगीशिवाय रिसर्चला नाही पोलिसांना नाही कोणाला नाही, आणि नको म्हणाले तर तिथेच विषय बंद. बाळ व्हेंटिलेटरवर असताना बापाकडून सही घेणं किती अवघड असतं ते माहितीय, पण ते नर्स आणि डॉक्टर नीट समजावून करू शकतात, त्यांना शिकवा.

2021 च्या दुर्मिळ आजार धोरणात मुंबईचं केईएम सेंटर ऑफ एक्सलन्स आहे, म्हणजे तपासायला जागा आहे, पण जिल्ह्यातून तिथे पाठवायला सॅम्पलच उरलेलं नसतं.

तर साहेब, एवढा एक जीआर काढा. आणि फिल्टर पेपरचा खर्च कुठल्या हेडखाली टाकायचा ते त्यातच लिहा, नाहीतर आमच्या स्टोअरमध्ये फाइल वर्षभर फिरत राहील.

आपला,
एक लॅब टेक्निशियन